कृपया पान उलटा

उत्तरपत्रिकेच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात 'कृ. प. उ.' अशी तीन अक्षरे लिहिण्याची पद्धत आता जवळजवळ मोडली आहे. आमच्या शाळेत ती सक्तीची होती. पान संपले, पण मजकूर संपलेला नाही, असे परीक्षकाला नम्रपणे सांगणारी ती विनंती: कृपया पान उलटा. परीक्षक पान उलटणारच, त्यासाठीच तर त्याला बसवलेले असते, मग विनंती कशाला, असा प्रश्न तेव्हा पडत असे. पुढे मी स्वतः परीक्षक झाले, शेकड्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आणि तो प्रश्न विसरून गेले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा समोर आला, एका विद्यार्थिनीच्या दूरध्वनीमुळे आणि माझ्या लॅपटॉपमधल्या दोन आकड्यांमुळे. ते आकडे कसे सापडले आणि सापडल्यावर काय झाले, हे इथे नोंदवायचे आहे. विषय संगणकाचा आहे, आणि मी मराठीची अध्यापक आहे. त्यामुळे ज्यांना यातले अधिक कळते त्यांनी सांभाळून घ्यावे. पण अखेरीस हा वाचनाचाच विषय आहे असे मला वाटते, म्हणून तो या पानांवर आणण्याचे धाडस करते.

ते टाळेबंदीचे दुसरे वर्ष होते. वर्ग पडद्यावर भरत होते आणि अंतर्गत परीक्षेची उत्तरे मुले घरीच कागदावर लिहून, पानांची छायाचित्रे काढून, त्यांची एक पीडीएफ धारिका करून पाठवत होती. द्वितीय वर्षाच्या वर्गात अठ्ठावन्न मुले होती. कुणाची पाने बारा, कुणाची अठरा. काही पाने अंधारी, काहींवर छायाचित्र काढणाऱ्याच्याच हाताची सावली. हा सगळा ऐवज वाचायला माझ्याजवळ सात वर्षांचा एक लॅपटॉप होता. तो इतका मंदावला होता की माझ्या बहिणीच्या मुलाने आदल्या वर्षी त्यावरची मूळ प्रणाली काढून लिनक्स मिंटची विसावी आवृत्ती घालून दिली होती. लिनक्सविषयी मला तोवर एवढेच माहीत होते, की तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली विद्यार्थिदशेत लिहिला आणि ती कुणालाही मोफत घेता येते, उघडून पाहता येते आणि बदलता येते. उघडून पाहण्याची वेळ माझ्यावर येईल असे मात्र वाटले नव्हते. लॅपटॉप झरझर चालू लागला होता, टचपॅडवर दोन बोटे फिरवली की पाने भ्रमणध्वनीवर सरकतात तशी अलगद सरकत होती, आणि मी भाच्याचे कौतुक करून मोकळी झाले होते.

एकेचाळीस उत्तरपत्रिका तपासून गुण कळवून झाल्यावर एके दुपारी त्या विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर दहा गुणांचा प्रश्न होता. या कादंबरीत धनगरांच्या त्या वाडीत आलेला तरुण मास्तर हळूहळू तिथला होतो, गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ सारी वाडी रिकामी करून टाकतो, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. या मुलीचे उत्तर मला तालमीपाशी संपलेले दिसले होते. मी तीन गुण दिले होते आणि शेरा लिहिला होता: 'उत्तर अपूर्ण. दुष्काळाचा व कादंबरीच्या शेवटाचा विचार अपेक्षित होता.'

ती मुलगी भांडली नाही. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली, आणि शेवटी चाचरत म्हणाली, "मॅडम, दुष्काळ सातव्या पानावर आहे."

मी धारिका उघडली. सहावे पान तालमीच्या उद्घाटनाशी संपत होते. सातव्या आणि आठव्या पानांवर दुष्काळ होता. मास्तराची शाळा रिकामी होण्याविषयी तिने लिहिले होते आणि त्याच ओघात आपल्या गावातल्या बंद शाळेविषयीही चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळी तर अठ्ठावन्न उत्तरपत्रिकांतल्या सर्वांत चांगल्या ओळी होत्या. नववे पान पुढच्या प्रश्नाने सुरू होत होते. आणि सहाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, छायाचित्राच्या कडेने अर्धी कापली गेलेली, पण वाचता येतील अशी तीन अक्षरे होती: कृ. प. उ.

मी दिलगिरी व्यक्त केली, गुण दुरुस्त करीन म्हणाले, आणि दूरध्वनी ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो प्रामाणिकपणे सांगते: ही चूक यंत्राची असावी. तशी ती असावी अशी माझी इच्छा होती.

मग मी शोधाला लागले. प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये माउस आणि टचपॅड यांचे एक दालन असते. तिथे पाने सरकवण्यासंबंधी मला मुख्यतः दोन गोष्टी दिसल्या. दोन बोटांनी सरकवायचे की टचपॅडच्या कडेवरून, ही एक. आणि सरकवण्याची दिशा उलटी करायची का, ही दुसरी. माझ्या अडचणीचा दिशेशी संबंध नव्हता, पण त्या एका चौकटीपाशी मी बराच वेळ थांबले. बोटे वर नेली की मजकूर वर जावा, की मजकुरावरची खिडकी वर जावी? पहिल्या पद्धतीत आपण कागदाला हात घालतो आणि तो ओढतो. दुसऱ्या पद्धतीत कागद स्थिर आहे आणि आपली नजर त्यावरून फिरते आहे. २०११ साली ॲपलने आपल्या संगणकांवर पहिली पद्धत रूढ केली आणि तिला 'नैसर्गिक' असे नाव दिले. तोवरची सगळी वर्षे लोक अनैसर्गिकपणे वाचत होते काय, असा प्रश्न भाषेच्या माणसाला पडणारच. लिनक्सच्या जगात मात्र या तत्त्वज्ञानाची वाट फार साधी होती. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्यांचा कारभार वर्षानुवर्षे ज्या एक्स विंडो सिस्टिमने सांभाळला, ती १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. तेव्हा माउसला चाक नव्हते. पुढे चाक आल्यावर त्याची सोय अशी लावली गेली, की चाकाची एक खाच वर म्हणजे माउसचे चौथे बटण दाबले, आणि एक खाच खाली म्हणजे पाचवे. तेव्हा ज्याला दिशा उलटी हवी असे, तो एका ओळीच्या आज्ञेने चार आणि पाच यांची अदलाबदल करी. माझ्या लॅपटॉपवरच्या टचपॅडच्या ड्रायव्हरात तर सरकण्याच्या अंतराच्या आकड्यामागे उणे चिन्ह लावले की काम होई. मजकूर हलतो की वाचक, या वादाचा निकाल एका उणे चिन्हावर लागतो, हे मला कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचायला मिळाले नसते.

तेवढ्याने सातव्या पानाचे कोडे सुटले नाही. म्हणून संध्याकाळी भाच्याला दूरध्वनी केला. त्याने मला टर्मिनल उघडायला लावले, आणि एक्सेव्ह नावाचा एक छोटा प्रोग्राम सुरू करायला सांगितला. हा प्रोग्राम एक पांढरी रिकामी खिडकी उघडतो आणि त्या खिडकीवर माउस, टचपॅड किंवा कळफलक यांनी जे जे घडते त्याची नोंद टर्मिनलमध्ये ओळीओळीने लिहीत जातो. "मावशी, आता पान सरकवतेस तशी बोटं फिरव, आणि उचल," तो म्हणाला. मी बोटे फिरवली. नोंदी येऊ लागल्या: बटण पाच दाबले, बटण पाच सोडले, बटण पाच दाबले, बटण पाच सोडले. मी बोटे उचलली. नोंदी येतच राहिल्या. हात मांडीवर होता आणि समोर माझ्या नावावर कुणीतरी पाने उलटत होते. दोनेक सेकंदांनी ते थांबले.

भाचा म्हणाला, "हां, ते कोस्टिंग आहे."

सायकलीला पायडल मारणे थांबवले तरी ती काही अंतर आपल्या वेगाने जाते, तसे हे. बोटे एका ठरावीक वेगाच्या पुढे जाऊन उचलली गेली, तर मजकूर त्या वेगाने पुढे जात राहतो आणि हळूहळू थांबतो. भ्रमणध्वनीवर आपण हेच रोज करतो. माझ्या लॅपटॉपवर ही किमया सिनॅप्टिक्स नावाच्या जुन्या ड्रायव्हरची होती; भाच्याने तो वेगळा घालून दिला होता. त्याने मला दुसरी एक आज्ञा लिहायला सांगितली. एक्सइनपुट या प्रोग्रामला आधी जोडलेल्या उपकरणांची यादी विचारायची, यादीतला टचपॅडचा क्रमांक पाहायचा आणि मग त्या क्रमांकाचे सगळे गुणधर्म विचारायचे. चाळीसएक ओळींची एक यादी पडद्यावर उतरली. त्यात 'सिनॅप्टिक्स कोस्टिंग स्पीड' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे दोन आकडे: १०, १०.

पहिला आकडा उंबरठ्याचा. दर सेकंदाला किमान इतके टप्पे सरकवण्याचा वेग असेल तरच कोस्टिंग सुरू होते. दुसरा आकडा घर्षणाचा. तो वेग दर सेकंदाला किती टप्प्यांनी कमी होत जाईल, हे तो ठरवतो. या ड्रायव्हरचे मूळचे आकडे २० आणि ५० असतात; नकळत कोस्टिंग सुरू होऊ नये म्हणून उंबरठा तसा उंच ठेवलेला आहे. भाच्याने दोन्ही कमी केले होते. "मला स्मूद आवडतं गं. घर्षण कमी केलं की छान वाटतं. तुलाही आवडलं होतं ना?" आवडले होते, हे खरेच होते.

मग त्याने दूरध्वनीवरच मला शाळेतले गणित करायला लावले. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला घर्षणाच्या दुपटीने भागायचे, म्हणजे थांबेपर्यंतचे अंतर मिळते. बोटे सेकंदाला वीस टप्प्यांच्या वेगाने उचलली गेली असे धरू. मूळच्या पन्नास या घर्षणाने चारशे भागिले शंभर, म्हणजे चार टप्पे, आणि तेही ०.४ सेकंदात. डोळ्यांना ते जेमतेम जाणवते. भाच्याच्या दहा या घर्षणाने चारशे भागिले वीस, म्हणजे वीस टप्पे, दोन सेकंद. पानाच्या रुंदीला जुळवून वाचताना माझ्या पडद्यावर एक पान साधारण बारा टप्प्यांत संपत असे. बोटांनी स्वतः सरकवलेले चार आणि घर्षणाच्या कमतरतेने बहाल केलेले वीस, मिळून चोवीस. बरोबर दोन पाने. सातवे आणि आठवे.

एखाद्या रहस्यकथेचा उलगडा व्हावा तसा आनंद त्या क्षणी मला झाला, हे कबूल केले पाहिजे. गुन्हेगार सापडला होता, त्याचे नाव घर्षण होते, आणि ते मी कमी केलेले नव्हते.

दुरुस्ती सोपी निघाली. सिनक्लायंट या आज्ञेने कोस्टिंगचा वेग शून्य केला की कोस्टिंग बंद होते. मी ते केले, पाने हाताबरोबर थांबू लागली आणि मी उरलेल्या सतरांपैकी काही उत्तरपत्रिका तपासून झोपले. सकाळी लॅपटॉप सुरू केला तर पाने पुन्हा घरंगळत होती. अशा आज्ञेने केलेला बदल त्या बैठकीपुरताच असतो. लॅपटॉप बंद केला की तो विसरला जातो. तो टिकवायचा तर एका ठरावीक फोल्डरमध्ये चार ओळींची धारिका लिहून ठेवावी लागते. त्या फोल्डरमधल्या धारिका नावामागच्या क्रमांकाने वाचल्या जातात, आणि एकाच उपकरणाविषयी दोन धारिकांनी दोन गोष्टी सांगितल्या तर नंतर वाचली जाणारी धारिका खरी ठरते. नव्या लिबइनपुट ड्रायव्हरच्या धारिकेचा क्रमांक ४०, जुन्या सिनॅप्टिक्सच्या धारिकेचा ७०. म्हणून दोन्ही असताना जुन्याचे राज्य चालत होते. परंपरेत शेवटचा टीकाकार मूळ संहितेवर मात करतो, तसाच हा प्रकार.

या लिबइनपुटविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यामागचा विचार मला फार पटला. त्याची १.० आवृत्ती २०१५ साली आली. पीटर हटरर हे त्याचे प्रमुख विकसक. या ड्रायव्हरात कोस्टिंग जाणूनबुजून ठेवलेले नाही. बोटे किती सरकली आणि केव्हा उचलली गेली एवढेच तो सांगतो. त्यापुढे मजकूर घरंगळावा की नाही, हे ज्या प्रोग्राममध्ये तो मजकूर उघडलेला आहे त्याने ठरवायचे. कारण ड्रायव्हरला पडद्यावर काय आहे हे ठाऊक नसते. जुन्या पद्धतीत त्याचे विचित्र परिणाम होत. पान घरंगळत असतानाच आपण दुसऱ्या खिडकीवर गेलो, तर ती खिडकीही सरकू लागे. घरंगळणे संपण्याआधीच कंट्रोलची कळ दाबली गेली, तर उरलेल्या टप्प्यांचा अर्थच बदले आणि अक्षरे एकाएकी मोठी किंवा लहान होत. हाताने एक सांगावे आणि ते पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ दुसराच व्हावा, असा हा घोटाळा. म्हणून लिबइनपुट म्हणतो, की मी फक्त हाताने काय केले ते सांगेन; त्याचा अर्थ लावणे माझे काम नाही. ज्याच्यापाशी संदर्भ आहे त्यानेच अर्थ लावावा, हे तत्त्व आम्ही वर्गात निराळ्या शब्दांत शिकवतोच.

माउसच्या चाकाचीही मला या निमित्ताने नव्याने ओळख झाली. बहुतेक चाकांना एका फेऱ्यात चोवीस खाचा असतात; एक खाच म्हणजे पंधरा अंशांचे वळण. बोटाखाली ती 'टक्' अशी लागते. अलीकडे याहून सूक्ष्म हालचाल सांगणारी चाके आली आहेत, आणि लिनक्सच्या गाभ्याने २०१९ मधल्या ५.० या आवृत्तीपासून तीही मोजायला सुरुवात केली. पण खाचेचे चाक मला आवडू लागले. ते दर पावलाला विचारते: पुढे जायचे? पोथी वाचणाऱ्याला हेच विचारले जाते. तिची पाने सुटी असतात. वाचलेले पान उचलून पालथे घातल्याशिवाय पुढचे पान वाचता येत नाही. पान न वाचता पुढे जाता येते, पण पान न उचलता जाता येत नाही. हाताला काम असते, आणि हाताला काम असले की मनाला साक्षीदार असतो.

एवढे सगळे कळल्यावर मी कोस्टिंग कायमचे शून्य केले, उरलेल्या उत्तरपत्रिका तपासून पूर्ण केल्या, आणि मग अठ्ठावन्नही पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतल्या. एका मुलीने विचारले म्हणून तिला न्याय, आणि न विचारणाऱ्यांना नाही, असे करणे शक्य नव्हते. या वेळी प्रत्येक पानाचा क्रमांक वहीत लिहीत गेले. चार दिवस लागले.

पहिल्या एकेचाळीसांमध्ये त्या मुलीखेरीज आणखी चौघांची पाने माझ्या वाचनातून सुटली होती. यातही घर्षणाचा हात असणार, असे मी स्वतःला सांगितले. पण सतरांच्या गठ्ठ्यातही दोन निघाल्या. त्या मी कोस्टिंग बंद केल्यानंतर तपासल्या होत्या. सिनक्लायंटचा बदल रात्रीत पुसला गेला होता त्या सकाळच्या या असाव्यात, असाही आधार शोधून पाहिला. पण वहीतल्या तारखा तसे म्हणत नव्हत्या. एका मुलाने अर्धे पान कोरे सोडून, पुढच्या पानावर उत्तराच्या शेवटच्या सहा ओळी लिहिल्या होत्या; कोरा भाग दिसताच मी उत्तर संपले असे धरून चालले होते. दुसऱ्याच्या एका पानाचे छायाचित्र आडवे आले होते. ते फिरवून वाचण्याचा मला कंटाळा आला असणार, आणि मी ते सरकवून पुढे गेले असणार. 'असणार' म्हणते, कारण मला ते आठवत नाही, आणि न आठवणे हेच त्यातले अधिक वाईट आहे.

म्हणजे यंत्राचे घर्षण शून्य नव्हतेच. माझेच झाले होते. आणि एकदा हे दिसल्यावर पहिल्या पाचांकडेही पूर्वीच्या नजरेने पाहता येईना. त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेला पानांचे क्रमांक होते. सहानंतर नऊ आले हे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते. वाक्य तालमीपाशी थांबले, आणि 'बनगरवाडी'वर नेटके लिहिणारी मुलगी दुष्काळ विसरेल का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला तो पडला नाही. मी शेरा लिहिला. दोन पाने पळवली यंत्राने, हे खरे. पण पाने कमी आहेत हे ओळखण्यासाठी जे वाचन लागते, ते माझ्याकडून झाले नव्हते. मुलांनी जे लिहिले नाही ते ओळखण्यात मी वाकबगार झाले होते, आणि त्या सवयीने लिहिलेलेही न लिहिलेले ठरवत होते.

सात उत्तरपत्रिकांच्या गुणदुरुस्तीसाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता. त्यात 'दुरुस्तीचे कारण' असा एक रकाना असतो. कार्यालयातले लिपिक अनुभवी आहेत. माझा लांबलेला हात पाहून ते म्हणाले, "तांत्रिक अडचण लिहा ना मॅडम. सध्या सगळ्यांचं तेच चाललंय, कोणी विचारत नाही." त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. आणि माझ्यापाशी तर पुरावाही होता: दोन आकडे, एक भागाकार, बोटे उचलल्यानंतरही येत राहिलेल्या नोंदी. पाच नावांपुढे मी 'तांत्रिक अडचण' लिहिले असते तर ते खोटे ठरले नसते. पण उरलेल्या दोघांपुढे काय लिहायचे? आणि एकाच रकान्यात दोन कारणे लिहिली, तर त्या पाचांच्या बाबतीत मी निर्दोष होते असे म्हणणे आले.

मी सातही नावांपुढे लिहिले: 'परीक्षकाने काही पाने वाचली नाहीत.'

प्राचार्यांनी बोलावले. ते रागावले नाहीत, पण असे लेखी का दिले, असे त्यांनी दोनदा विचारले. पुढच्या सत्रात माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही सहकाऱ्याने पुन्हा पाहाव्यात असे ठरले आणि तसे झाले. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर ते सोपे गेले नाही. ज्या सहकाऱ्याकडे माझे गठ्ठे जात, ते मला पुष्कळ कनिष्ठ होते आणि गठ्ठे परत देताना माझ्याकडे पाहत नसत. त्या मुलीचे गुण तिनावरून आठ झाले. तिचा 'धन्यवाद मॅडम' असा लघुसंदेश आला. त्यात उपरोध नव्हता, आणि त्यामुळे तो अधिक लागला.

मराठेशाहीतल्या मोडी पत्रांच्या अखेरीला जी छोटी मुद्रा उमटवत, तिला मोर्तब म्हणत. 'मर्यादेयं विराजते' ही तिच्यावरची अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. मजकुराची मर्यादा इथे संपली, याच्यापुढे कुणी काही जोडले तर ते आमचे नव्हे, असे ती सांगते. कागद संपला तरी मोर्तब नसेल तर मजकूर संपलेला नाही. 'कृ. प. उ.' ही मला आता त्या मोर्तबेची धाकटी बहीण वाटते. एक सांगते, इथे थांबा. दुसरी सांगते, इथे थांबू नका. दोघींनाही ठाऊक आहे की वाचणारा घाईत असतो.

तो लॅपटॉप आता बदलला आहे. नव्यावरही लिनक्सच आहे. टचपॅडचा कारभार लिबइनपुटकडे आहे आणि शेजारी खाचांच्या चाकाचा एक माउस आहे. भाचा अधूनमधून येतो, पाने सरकवून पाहतो आणि म्हणतो, "मावशी, किती जड ठेवलंयस हे!" मी तसेच राहू देते. वर्गात मात्र पहिल्याच तासाला मुलांना सांगते, की उत्तर पुढच्या पानावर जात असेल तर खालच्या कोपऱ्यात 'कृ. प. उ.' लिहावे. मुले हसतात. एखादा विचारतोच, "मॅडम, तुम्ही पान उलटणारच ना?"

तेव्हा मी त्यांना ही सगळी हकीकत सांगत नाही. लिहा, एवढेच म्हणते.